ओट्याचा रंग फोटोवरून ठरवू नये

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या घर-सजावटीच्या पुरवणीत स्वयंपाकघराच्या नूतनीकरणावर पानभर मजकूर आला होता. पांढराशुभ्र क्वार्ट्झचा ओटा, खाली फिकट हिरव्या ट्रॉल्या, वर बिनहँडलची चकचकीत कपाटे, आणि सध्या हेच चालते असा एकूण सूर. आमच्याकडे त्याच सुमारास ओटा बदलायचे काम निघाले होते. त्यामुळे ते पान घरात हातोहात फिरले आणि शेवटी सूनबाईंनी फ्रिजच्या दारावर लावले. त्या पानाशी माझे थोडे भांडण आहे, ते मांडू द्यावे.

मी छपाईतला माणूस. नाशिकरोडला ‘प्रेसमध्ये होतो’ एवढे म्हटले की कोणी पुढचे विचारत नाही. शाई, कागद आणि छटा यांतच नोकरी संपली. म्हणून सुरुवात आपल्याच घरापासून करतो. वर्तमानपत्राचा कागद मुळात पांढरा नसतो, किंचित करडा-पिवळट असतो, आणि शाई त्यात पसरते. चार शायांच्या ठिपक्यांतून फिकट हिरवा उभा करायचा, तर पिवळी जरा चढली की तो पोपटी होतो, किरमिजी चढली की मातकट. माझ्या अंकात त्या ट्रॉल्या वाळलेल्या मेथीच्या रंगाच्या निघाल्या. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या अंकात त्याच ट्रॉल्या पिस्त्याकडे झुकलेल्या, आणि सूनबाईंच्या मोबाइलवर तिसरेच काही. यात आपल्या छपाईचा दोष नाही. रोटरीवर तासाला हजारो प्रती निघताना एवढा फरक राहतोच. पण त्याच फोटोवर बोट ठेवून लोक सुताराला ‘हाच रंग हवा’ म्हणतात, आणि सुतारही ‘करून टाकू’ म्हणतो.

फोटो सोडून दुकानात गेले तरी सुटका नाही. छपाईत दोन छटा जुळल्या की नाही हे पाहायला ठरावीक उजेड असतो, ५००० केल्विनचा. (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर, जास्त तितका निळसर-पांढरा.) त्या दिव्याखालीच कागद धरायचा, ही शिस्त. कारण एका दिव्याखाली तंतोतंत जुळणारे दोन रंग दुसऱ्या दिव्याखाली सपशेल फारकत घेतात. आम्ही ज्या दुकानात गेलो तिथे छताला पिवळसर स्पॉटलाइट होते, साधारण ३००० केल्विनचे. त्यांच्याखाली करड्या ग्रॅनाइटशेजारी कपाटांसाठीचे करडे लॅमिनेट, ज्याला आपण सगळे सनमायकाच म्हणतो, ते ठेवले, जोडी झकास दिसली. तुकडे घरी आणले. आमच्या स्वयंपाकघरात ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब. तिच्याखाली ग्रॅनाइट करडेच राहिले, लॅमिनेट मात्र सरळ जांभळट दिसू लागले. दुपार कलली आणि पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आले, तसे ते तपकिरीकडे सरकले. दुकानदार लबाड नव्हता. दगडाचा रंग आणि लॅमिनेटमधल्या कागदाचा रंग वेगवेगळ्या द्रव्यांतून येतो, दोघे उजेडाला वेगवेगळे उत्तर देतात.

बरे, तुकडे घरी आणता आले म्हणून हे कळले. ग्रॅनाइटवाल्याने कोपऱ्यात पडलेले कटपीस ‘न्या काका, पडूनच आहेत’ म्हणत गाडीत ठेवून दिले. लॅमिनेटवाल्याने अनामत घेऊन नमुने दिले. पण कपाटांच्या ॲक्रिलिकच्या शटरसाठी, म्हणजे दारांसाठी, गेलो त्या गुळगुळीत शोरूममधल्या मुलाने ‘सर, सॅम्पल बाहेर देत नाही, पॉलिसी आहे’ असे सांगून संगणकावर थ्रीडी चित्र दाखवले. चित्रातला उजेड त्यांचा, खिडकी त्यांची आणि खिडकीबाहेर निळाशार समुद्र. जेल रोडला समुद्र! त्या चित्रावर विसंबून मोठी रक्कम आगाऊ द्यायची होती. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

जाता जाता दिव्यांचे सांगतो. एलईडीच्या खोक्यावर बऱ्याचदा सीआरआय म्हणून एक आकडा छापलेला असतो, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी गुण. तो ८०च्या खाली असेल तर त्या उजेडात लाल रंग मरतो, ताजा टोमॅटो शिळा दिसतो. ९०चा दिवा थोडा महाग पडतो. पण कपाटांवर पैसे ओतण्याआधी तो लावून पाहावा. कधी कधी जुनेच कपाट बरे दिसू लागते आणि सुताराचे काम वाचते.

आता त्या पांढऱ्या क्वार्ट्झकडे येतो. हा दगड असा अखंड खाणीतून निघत नाही. साधारण नव्वद टक्के क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी पॉलिएस्टर राळ व रंग, असे एकत्र दाबून त्याची स्लॅब बनवतात. टणक असतो, पाणी सहसा पीत नाही, हे खरे. पण राळ ती राळच. दीडशे अंशांच्या आसपास ती पिवळी पडायला लागू शकते, आणि भाकरीचा तवा त्याच्या बराच पुढे गेलेला असतो. आमच्या सौ. तवा उतरवला की सरळ ओट्यावर ठेवतात, उभ्या जन्माची सवय. ‘अडणी शोधत बसू की पुढची भाकरी बघू?’ हा त्यांचा प्रश्न, आणि त्याला पुरवणीत उत्तर नव्हते.

आणखी एक बाब त्या पानात यायलाच हवी होती. क्वार्ट्झ कापताना उडते ती बहुतांश सिलिकाची धूळ. ती फुफ्फुसात साचली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या स्लॅब बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादा पोरगा तोंडाला रुमाल बांधून कोरड्या ग्राइंडरने तोच दगड कापत बसलेला असतो आणि आपण वरून ‘धूळ येतेय, लवकर आटपा’ म्हणतो. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, प्रमाण कमी, पण असते. म्हणून आम्ही कटाई होईल तितकी दुकानातच करून घेतली, आणि सिंकचे व शेगडीचे जे काप घरी घ्यावे लागले ते पाण्याची नळी सोडून घ्यायला लावले. पार्किंगमध्ये चिखल झाला म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी सुनावले, ते ऐकून घेतले.

घरी आणलेले कटपीस खिडकीखाली मांडून त्यांच्यावर आम्ही रोजचा स्वयंपाक सांडत होतो. हळद घातलेले तेल, आमसुलाचे पाणी, चहा, लिंबाची फोड उपडी घालून रात्रभर. पांढऱ्या संगमरवरावर लिंबाखालची चकाकी सकाळपर्यंत गेलेली, बोट फिरवले तर खरखर लागे. संगमरवर चुनखडीच्या कुळातला, आंबटापुढे त्याचे चालत नाही. आमचा जुना कडाप्पाही त्याच कुळातला. जिथे वर्षानुवर्षे चिंच कोळली त्या जागी त्याच्यावर पांढुरका चट्टा होता, तो कशाने पडला हे तेव्हा उमगले. ग्रॅनाइटला लिंबाने काही केले नाही. फिकट ग्रॅनाइटने मात्र तेल पिऊन घेतले. ‘काश्मीर व्हाइट’च्या तुकड्यावर काळसर वर्तुळ राहिले ते राहिलेच. (हा काश्मीरचा दगड तमिळनाडूतून येतो, हेही ओघात कळले.) क्वार्ट्झवरची हळद पुसली गेली, पण पिवळी झाक उरली. सौ.नी ती साबणाने घासली तर लाल झाली. साबणाच्या खाराने हळद लाल होते, चुना घालून आपण हळदीचे कुंकू करतो तसेच ते. मग तुकडा उन्हात ठेवला, तेव्हा झाक हळूहळू उडाली. तुकडा गच्चीवर नेता येतो, ओटा कोण नेणार?

काळ्या ग्रॅनाइटचा वेगळाच घोटाळा. आंध्रात ओंगोलजवळच्या चिमकुर्तीहून येणारे ब्लॅक गॅलेक्सी जातीने काळे असते, आत बारीक सोनेरी चमक. पण बाजारात करड्या दगडाला काळा रंग पाजून तो ‘जेट ब्लॅक’च्या भावात खपवणारेही आहेत. पांढऱ्या फडक्यावर थोडे ॲसिटोन किंवा थिनर घ्यावे आणि पॉलिशच्या बाजूने कोपरा घासावा. फडके काळे झाले की उठावे. एके ठिकाणी मी खिशातून फडके काढले तर विक्रेता म्हणाला, ‘काका, घरी काय थिनरने पुसणार आहात का?’ आणि दगड अस्सल काळा निघाला तरी आमच्यासारख्या वापराला बोअरचे पाणी असलेल्या इमारतीत तो दिवसभर पुसत राहावा लागतो. भांडे निथळले, थेंब सुकला, की क्षाराचा पांढरा ठिपका.

लॅमिनेटमध्ये माझा जरा जास्तच जीव गुंतला, कारण लाकडी रेषांचे लॅमिनेट म्हणजे छापलेला कागदच असतो. खाली राळेत भिजवलेल्या तपकिरी कागदाचे थर, वर तो छापील कागद, त्यावर मेलामाइनचे पारदर्शक आवरण, आणि हे सगळे उष्णतेने व दाबाने एकजीव केलेले. सिलिंडरवरून छपाई होत असल्यामुळे ठरावीक अंतरावर तीच रेष, तीच गाठ परत येते. एका तयार किचनमध्ये ओळीने तीन शटरवर एकच गाठ एकाच उंचीवर होती. मी दाखवेपर्यंत ती कोणाला दिसली नव्हती, आणि दाखवल्यावर मालकांना दुसरे काही दिसेना. सुताराला आधीच सांगितले तर तो शीट वर-खाली सरकवून कापतो. सगळ्या शीट एकाच लॉटच्या घ्याव्यात, मागून आणलेली हमखास दुसरी छटा घेऊन येते. आणि कॅटलॉगमधल्या चार बोटांच्या चौकोनावर भाळू नये. तोच रंग भिंतभर पसरला की जास्त उजळ आणि भडक भासतो. तिथे सौम्य अबोली वाटलेला रंग इथे डोळ्यांत शिरतो.

शेवटी रंग ठरवला तो सौ.नी, आणि त्यांचे निकष माझ्या केल्विनपेक्षा सरस निघाले. ठिपक्याठिपक्यांचे ग्रॅनाइट ‘डाग दिसत नाहीत’ म्हणून दुकानदार पुढे करत होता. त्या म्हणाल्या, ‘डाग दिसत नाहीत तशा मुंग्याही दिसणार नाहीत. मला पुसलेले कळले पाहिजे.’ तांदळातला पांढरा खडा गडद दगडावर चटकन सापडतो, हेही त्यांनीच सांगितले. लेदर फिनिश, म्हणजे चामड्यासारखा किंचित खडबडीत ठेवलेला दगड, त्यांनी हाताने चाचपले आणि यात कणीक बसेल म्हणून बाजूला सारले. बिनहँडलच्या कपाटांत जी आडवी खाच असते, कारागीर तिला गोला प्रोफाइल म्हणतात, तिच्यात पीठ साठेल म्हणून तीही गेली. साधी स्टीलची हँडले बसवली, कोपराने ओढता येतील अशी.

ओटा एकसारख्या गडद करड्या ग्रॅनाइटचा केला. आग्नेयेला काळे नको म्हणणाऱ्या नातेवाइकांची त्यावर तडजोड झाली. खालच्या ट्रॉल्या मातकट-राखी मॅट लॅमिनेटच्या, कारण तिथे पायाची ठोकर, फरशी पुसल्याचे पाणी आणि आमटीचे ओघळ. वरची कपाटे दुधी. खिडकी एकच असल्याने उजेड परतवायला काहीतरी हवे. शेगडीमागच्या टाइल्स मोठ्या घेतल्या आणि सांध्यांत पांढऱ्याऐवजी करडे इपॉक्सी भरले. सिंकखालचे प्लाय मात्र रंगाकडे न पाहता शिक्का पाहून घेतले: आयएस ७१०, म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारे. सूनबाईंच्या फिकट हिरव्याला हॉलमधल्या काचेच्या कपाटात जागा मिळाली. तिथे हळद पोचत नाही आणि तो दिसतोही छान, हे मान्य.

आपल्याकडे मागणे थोडेच आहे. फोटो खऱ्या घराचा की संगणकावरचा, ते त्याखाली छापावे. लॅमिनेट असेल तर त्याचा शेड नंबर द्यावा, म्हणजे वाचक कागदावरच्या रंगाऐवजी दुकानात जाऊन खरा तुकडा मागेल. आणि अनामत घेऊन नमुना घरी न्यायला देणे हा दुकानांचा साधा रिवाज व्हावा, असे एखाद्या लेखात ठणकावून लिहावे. जाहिरातदार रागावतील, थोडे रागावू द्यावेत. आमच्या सौ.चे म्हणणे असे, की स्वयंपाकघराचा फोटो काढायचाच तर दिवाळीचा फराळ चालू असताना काढावा. त्यासाठी आमचे घर उघडे आहे. फक्त चकल्यांच्या दिवशी छायाचित्रकाराला पाठवू नये, त्या दिवशी त्या कोणाशी बोलत नाहीत.

कळावे,

आपला एक जुना वाचक
(निवृत्त छपाई कर्मचारी)
जेल रोड, नाशिकरोड