चि. ईरास पत्र: नोंद कोणाकडे उरते

कर्वेनगर, पुणे
७ डिसेंबर

चि. ईरा हिस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू माझ्या टॅबवर काही शोधलेस आणि तू नागपूरला परतल्यावर माझ्या फोनवर समुपदेशकांच्या व झोपेच्या तक्रारींवरील उपचारांच्या जाहिराती दिसू लागल्या. दोन्हीकडे माझेच खाते असल्यामुळे असे झाले. मी ते तुझ्या कानावर घातले तेव्हा तू क्षणभर गप्प राहिलीस आणि मग म्हणालीस, “आई, पुढच्या वेळी इन्कॉग्निटोमध्ये शोधेन, म्हणजे कोणालाच कळणार नाही.” त्या वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. तू काय शोधलेस ते मी विचारणार नाही. पण इन्कॉग्निटोमुळे तुझे शोध फार तर माझ्यापासून लपले असते, आणि माझ्यापासून तुला सर्वांत कमी धोका आहे.

इन्कॉग्निटो म्हणजे ब्राउझरची खाजगी खिडकी. ती बंद केली की ब्राउझर भेट दिलेल्या पानांची यादी आणि कुकीज (संकेतस्थळांनी यंत्रावर ठेवलेल्या ओळखखुणा) पुसून टाकतो; परंतु पुसतो तो केवळ त्या यंत्रावरून. तुझा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, संकेतस्थळाला दिसतच असतो. वसतिगृहाचे वायफाय सांभाळणाऱ्याला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला, पानावरचा मजकूर कळला नाही तरी, तू कोणत्या संकेतस्थळावर गेलीस ते बहुधा कळते. त्यातच तू स्वतःच्या खात्यात शिरलीस, तर लपवायला काही उरतच नाही. याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर खटला भरला गेला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

मी ग्रंथालयात रुजू झाले तेव्हा आमच्याकडे ब्राऊन पद्धत होती. पुस्तक देताना त्यातले कार्ड वाचकाच्या तिकिटाच्या खिशात घालून दोन्ही तारखेप्रमाणे ठेवायचे. पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकात जायचे, तिकीट वाचकाच्या हाती यायचे आणि कोणी काय वाचले याचा मागमूस उरत नसे. नीना ब्राऊन या अमेरिकन ग्रंथपालबाईंनी १८९५ मध्ये ती मांडली होती. पुढे संगणक आला, काम सोपे झाले आणि प्रत्येक देवघेव कायमची लिहिली जाऊ लागली. एकदा एक गृहस्थ आपल्या मुलीने वर्षभरात कोणती पुस्तके नेली ते विचारायला आले होते. मी नकार दिला, त्यांनी बराच आवाज चढवला. आजही मला तो नकार योग्यच वाटतो. पण ब्राऊन पद्धत असती तर मला नकार द्यावाच लागला नसता, कारण सांगण्यासारखे माझ्याकडे काही उरलेच नसते. संरक्षण म्हणतात ते मला तेव्हा कळले.

नाव काढून टाकले की नोंद निरुपद्रवी होते, असे मानू नकोस. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांचे शोध अभ्यासकांसाठी म्हणून खुले केले होते आणि नावांच्या जागी केवळ क्रमांक ठेवले होते. पत्रकारांनी थोड्याच दिवसांत त्यातल्या एका क्रमांकामागची वयस्कर बाई शोधून काढली, कारण तिने आपल्या गावातल्या सेवांविषयी आणि आपल्याच आडनावाच्या माणसांविषयी शोध घेतले होते. आजार, पाळलेले कुत्रे, एकटेपणा, सारे त्या यादीत होते. माणूस काय शोधतो यावरून तो ओळखू येतो, हे मला सत्तावीस वर्षे वाचकांना पुस्तके देताना दिसतच होते.

‘लपवण्यासारखे नसेल तर भीती कसली’ हे तुझ्या काकांचे म्हणणे मला कधीच पटलेले नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, त्यात ‘लपवण्यासारखे काही असेल तर’ अशी अट नाही.

व्हीपीएन घ्यावे का, असे तू विचारले होतेस. त्यात तुझी सारी ये-जा दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरमार्फत होते. त्याने तू कुठे जातेस ते वसतिगृहाला दिसणार नाही, पण तोच विश्वास तुला व्हीपीएन चालवणाऱ्यावर टाकावा लागेल. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेने अशा कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते इत्यादी ५ वर्षे जपून ठेवण्यास सांगितले, तेव्हा काहींनी भारतातले सर्व्हर हलवले. फुकट व्हीपीएनपासून तर दूरच राहा. ब्राऊनबाईंच्या पद्धतीच्या जवळ जाते ते टॉर नावाचे ब्राउझर. त्यात तुझी मागणी एकामागून एक अशा तीन संगणकांतून जाते. पहिल्याला तू कोण ते कळते पण कुठे निघालीस ते कळत नाही, शेवटच्याला ठिकाण कळते पण तू कळत नाहीस. ते संथ चालते आणि त्यात स्वतःच्या खात्यात शिरलीस तर सारे व्यर्थ. म्हणून रोजच्या कामासाठी नको, ज्या प्रश्नाची नोंद कोणाकडेच राहू नये त्यासाठी वापर.

रोजसाठी फायरफॉक्स हा ब्राउझर पुरे; त्यात आरोग्याचे व खाजगी शोध घे आणि तिथे कोणत्याही खात्यात शिरू नकोस. जाहिरातदार ज्यावरून तुझा फोन ओळखतात तो फोनमधला जाहिरात आयडी पुसून टाक, स्थान पाहण्याची परवानगी नकाशाखेरीज कोणाला देऊ नकोस. आणि पुणे स्टेशनवर गाडीची वाट पाहताना तू जे मोफत वायफाय वापरतेस, ते मोबाइल क्रमांक आणि ओटीपी घेऊनच सुरू होते, हे ध्यानात ठेव.

टॅबवर मी तुझ्यासाठी वेगळे खाते उघडून ठेवले आहे. पासवर्ड तूच घाल, मला सांगू नकोस. समुपदेशकांकडे जायचे असेल तर किती पैसे लागतील एवढेच कळव, मी त्याच दिवशी पाठवीन.

तुझी,
आई