अंगठ्याचा एक्स-रे काढणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

आईच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालंय, असं तुमच्याआधी ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्या सगळ्यांनी सांगितलं. लिंबात बोट घालून झालं, अँटिबायोटिकचे कोर्स झाले. एकाने तर चिराही दिला. पू नाहीच, नुसतं रक्त. तरी "वयाप्रमाणे वेळ लागतो" म्हणून पुन्हा त्याच गोळ्या. फी मात्र दर वेळी पूर्ण.

तुम्ही पट्टी सोडायच्या आधी विचारलंत, "मावशी, या हाताने कुठलं काम अडतंय?" ती म्हणाली, वाती वळता येत नाहीत. आणि ते तुम्ही केसपेपरवर लिहिलंत, चक्क मराठीत. मी शेजारून वाचलं. तोवरच्या सगळ्या कागदांवर औषधांची नावं होती, आईचं दुखणं कुठेच नव्हतं.

एक्स-रेत शेवटच्या पेराचं हाड जवळजवळ खाल्लेलं दिसलं. पुन्हा चिरत न बसता तुम्ही तुकडा तपासायला पाठवलात, आणि मूळ निघालं फुफ्फुसात. कर्करोग हाताच्या हाडात उतरतो हजारात एखाद्याचा, आणि उतरलाच तर बहुधा फुफ्फुसातला. आईने ना कधी विडी ओढली, ना मिश्री लावली. साधा खोकलाही नव्हता. "कुणाला शंका येणार?" असं ते चिरा देणारे आता म्हणतात. तुम्हाला आली की!

पुढचं कॅन्सरच्या डॉक्टरांनी पाहिलं. पेशींची वाढ सांभाळणाऱ्या ईजीएफआर जनुकात १९व्या एक्झॉनचा, म्हणजे जनुकाच्या एका तुकड्याचा, दोष सापडला. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांत तो बऱ्याचदा सापडतो म्हणे. म्हणून केमोऐवजी नेमक्या त्या दोषावर काम करणाऱ्या ऑसिमर्टिनिबची ८० मिलिग्रॅमची रोज एक गोळी. आजार मुळापासून जाणार नाही, रोखून धरता येईल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलंय. पण ठणका गेला, सूज उतरली, अंगठा कापावा लागला नाही. आणि गंमत म्हणजे या गोळीच्या त्रासाने पायाच्या अंगठ्याला खरंखुरं नखुरडं झालं! आई म्हणाली, "चला, त्यांचं निदान एकदाचं बरोबर आलं."

हुशार डॉक्टर पुष्कळ आहेत हो. बाहेर रांग लागलेली असताना वाजणारा फोन पालथा घालून म्हाताऱ्या माणसाचं वाक्य पुरं होऊ देणारे किती?

आईला तुमचं नाव आठवत नाही, ती 'वातीवाले डॉक्टर' म्हणते. पुढच्या स्कॅनला पुण्याला जाताना तुमच्याकडे डोकावणार आहोत. नंबर लावूनच येऊ.

आपला,
त्या मावशींचा मुलगा