साहेबांचं ध्यान आणि शील

मा. संपादक,

हल्ली कंपन्यांच्या मॅनेजरना, सरकारी अधिकाऱ्यांना माइंडफुलनेसचे, म्हणजे सजग राहायला शिकवणाऱ्या ध्यानाचे, वर्कशॉप देतात, चांगलंच आहे, पण त्यात सगळा भर स्ट्रेस कमी करा, फोकस वाढवा यावरच असतो आणि मला हे फार खटकतं. कारण आपल्याकडे ध्यान कधीच एकटं शिकवलेलं नाही. पतंजलींच्या अष्टांगयोगात ध्यान सातव्या पायरीवर येतं, पहिली पायरी यम, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं), ब्रह्मचर्य, अपरिग्रह (हाव न धरणं). तिकडे इगतपुरीला विपश्यनेच्या, म्हणजे बौद्ध परंपरेतल्या ध्यानाच्या, दहा दिवसांच्या शिबिरात गेलात तरी आधी पंचशील, म्हणजे हिंसा, चोरी, खोटं वगैरे टाळण्याचे पाच नियम, घ्यावे लागतात, मग आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देणं, आणि प्रत्यक्ष विपश्यना तर चौथ्या दिवशी. हिंदू असो की बौद्ध, दोघांनी आधी वागणं धरलं.

मोठ्या खुर्चीवरच्या माणसाला तर याची जास्तच गरज. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधातून संमोह, त्यातून स्मृतिभ्रंश आणि मग बुद्धिनाश अशी साखळीच सांगितलीय, सामान्य माणूस चिडला तर घरच्यांना त्रास, पण कलेक्टर किंवा मंत्री चिडून सही करून बसला तर अख्ख्या तालुक्याला भोगावं लागतं. राग येतोय हे सहीच्या आधी कळणं, एवढं जरी जमलं तरी खूप झालं.

विपश्यना शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही याचं वाईट वाटतं. हा माणूस कुठल्या आश्रमातला नव्हता, ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर तिथला अकाउंटंट जनरल होता, आपल्या ऑफिसातल्या स्टाफला त्यांनी विपश्यना शिकवली, एकाच वेळी तीन-चार खाती सांभाळली आणि शेतमालाच्या सरकारी मंडळातला गैरकारभार निस्तरायला पंतप्रधान ऊ नू यांना तेच आठवले. डोळे मिटून बसणारा आणि फाइलीत एक पैसा इकडचा तिकडे होऊ न देणारा, एकच माणूस! लीडरशिप शिकवायची तर हे उदाहरण शिकवा ना.

आपलं राज्य सरकार कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजा देतं, याचा मला खरंच अभिमान आहे. आता अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंगमध्ये श्वासाच्या आधी अस्तेय आणि सत्य यावर, म्हणजे टेंडर, बदल्या, खोटे रिपोर्ट यावर मोकळेपणी एक अख्खा दिवस तरी बोलावं, नुसतं पंधरा मिनिटं डोळे मिटायला लावून सोडू नये, एवढीच विनंती.

– एक वाचक, नाशिक