बेंचमार्कचा आकडा छापा, पण तो कशाचा आहे तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञानविषयक पानावर नव्या संगणकांच्या परीक्षणासोबत बेंचमार्क चाचणीतील, म्हणजे संगणकाचा वेग मोजणाऱ्या चाचणीतील, गुणांचा तक्ता असतो. त्यातला आकडा खोटा असतो असे माझे म्हणणे नाही. मात्र तो नेमका कशाचा आहे हे न सांगता छापला, तर वाचकाची दिशाभूल होते, म्हणून हे पत्र.

चाचणी म्हणजे एक ठरावीक प्रोग्राम, आणि त्या प्रोग्रामपुरतेच तिचे उत्तर खरे. १९८४ साली आलेली ड्राइस्टोन ही चाचणी इतकी लहान होती की ती प्रोसेसरच्या कॅश मेमरीत (प्रोसेसरमधल्याच छोट्या, अतिवेगवान मेमरीत) सहज मावू लागली आणि मुख्य मेमरीकडून माहिती येण्याची वाट पाहण्यात जाणारा वेळ तिच्या मोजमापात उतरेनासा झाला. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'स्पेक' या संस्थेने खऱ्या वापरातले प्रोग्राम निवडण्याचा मार्ग धरला. तरीही तिच्या पहिल्याच संचातील मॅट्रिक्स-३०० या चाचणीचे गुण कंपायलरमधील (प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधील) सुधारणांमुळे इतके फुगले की १९९२ च्या संचातून ती वगळावी लागली. हा प्रश्न जुना झालेला नाही. इंटेलच्या कंपायलरने एका चाचणीचा कोड आधीच माहीत असल्याचा फायदा घेतल्याचे आढळल्यावरून याच संस्थेने २०२४ मध्ये २,६०० हून अधिक निकालांवर आक्षेपाची नोंद केली. आपलेच जुने निकाल असे उघडपणे तपासणे मला फार मोलाचे वाटते.

सर्वसामान्य वापरकर्त्याला याहून जवळची अडचण उष्णतेची आहे. पातळ लॅपटॉपचा प्रोसेसर सुरुवातीला कमाल वेगाने चालतो आणि तापला की वेग कमी करतो. त्यामुळे दोन-तीन मिनिटांत संपणाऱ्या चाचणीला त्याचा उत्तम काळच दिसतो, तर तासभर व्हिडिओ संपादन करणाऱ्याच्या वाट्याला नंतरचा वेग येतो. सर्व कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) कामाला लावून मिळवलेले गुणही, एका वेळी एखाद-दुसऱ्या कोअरवरच भार टाकणाऱ्या कामांबद्दल फार थोडे सांगतात. शिवाय मेमरी अपुरी पडून संगणकाला वारंवार डिस्कचा आधार घ्यावा लागत असेल, तर वेगवान प्रोसेसरही ताटकळतो.

तेव्हा परीक्षणात चाचणीचे नाव व आवृत्ती, एका कोअरचे आणि सर्व कोअरचे वेगवेगळे गुण, अर्ध्या तासाच्या सलग भारानंतरचा वेग आणि मेमरीची क्षमता एवढे तरी द्यावे. यंत्र चार्जरवर होते की बॅटरीवर, तेही नोंदवावे. जागा अपुरी पडत असेल, तर तक्त्यात यंत्रे कमी घ्यावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक