उत्सर्जनाच्या अंदाजांसोबत त्यांची गृहीतकेही छापावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विकसनशील देशांचा ऊर्जावापर पुढच्या वीस-तीस वर्षांत किती वाढेल आणि त्यातून किती कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल, याचे अंदाज वृत्तपत्रांत अधूनमधून प्रसिद्ध होतात. सोबत बहुधा एक आलेख असतो. ‘सध्याचीच धोरणे चालू राहिली तर’ अशी एक चढती रेषा असते आणि तिच्याखाली धोरणे बदलल्यास काय होईल हे दाखवणाऱ्या एक-दोन रेषा असतात. ऊर्जेचे ताळेबंद जुळवण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. विकसनशील अर्थव्यवस्थेच्या बाबतीत या रेषांची दिशा प्रारूपातल्या (म्हणजे अंदाज काढणाऱ्या गणिती मॉडेलमधल्या) गणितापेक्षा त्यात भरलेल्या आधारवर्षाच्या, म्हणजे हिशेब जिथून सुरू होतो त्या वर्षाच्या, नोंदींवर अधिक अवलंबून असते, अशी त्या अनुभवातून माझी खात्री झाली आहे. वाचकांपर्यंत हीच बाजू पोहोचत नाही, म्हणून हे पत्र.

या विषयातली बरीचशी चर्चा ज्या सूत्रापासून सुरू होते, ते जपानी ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांच्या नावाने ओळखले जाते. लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या दर एककामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या दर एककामागे बाहेर पडणारा कार्बन, या चारांचा गुणाकार म्हणजे देशाचे उत्सर्जन. हे सूत्र चुकूच शकत नाही, कारण अंश आणि छेद एकमेकांना छेदून शेवटी उत्सर्जनच उरते. अडचण येते ती हे चार घटक सुटे करून प्रत्येकाला वेगवेगळा वाढीचा दर लावला जातो तेव्हा. नायजेरियाने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या जीडीपीचे आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमतींवर हिशेब बेततात ते वर्ष) १९९० वरून २०१० वर आणले आणि दूरसंचार, चित्रपटनिर्मिती अशी तोवर हिशेबात नीट न आलेली क्षेत्रे त्यात धरली. त्यामुळे २०१३ च्या जीडीपीचा आकडा ८९ टक्क्यांनी वाढला. त्याबरोबर सूत्रातला तिसरा घटक, म्हणजे ऊर्जातीव्रता, जवळजवळ निम्म्यावर आला. देशातला एकही बॉयलर त्या दिवशी सुधारला नव्हता. भारताने २०३० पर्यंत जीडीपीची उत्सर्जनतीव्रता, म्हणजे जीडीपीच्या दर एककामागचे उत्सर्जन, २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. तीव्रतेवर बेतलेले असे उद्दिष्ट ज्या ज्या देशाने स्वीकारले आहे, तिथे अंशाइतकीच (उत्सर्जन) छेदाचीही (जीडीपी) तपासणी व्हायला हवी.

याहून मोठा प्रश्न सरपणाचा आहे. गरीब देशांत घरगुती ऊर्जेचा मोठा वाटा लाकूड, शेण आणि पिकांच्या काडीकचऱ्यातून येतो, आणि तो गोळा केलेला असतो, विकत घेतलेला नसतो. ज्याची पावती नाही त्याची नोंद नाही, म्हणून कित्येक प्रारूपे केवळ ‘व्यापारी ऊर्जा’ मोजून पुढे जातात. याचा परिणाम एका चुलीपुरता मांडून पाहावा. एक किलो एलपीजीत सुमारे ४७ मेगाज्यूल उष्णता असते, आणि चांगल्या शेगडीवर तिच्यातली निम्म्याहून थोडी अधिक, समजा २६ मेगाज्यूल, भांड्यापर्यंत पोहोचते. तेवढीच उष्णता साध्या चुलीवर मिळवायची, आणि चुलीची कार्यक्षमता १२ टक्के धरली, तर जवळपास २१७ मेगाज्यूलचे, म्हणजे साधारण १४ किलो कोरडे लाकूड जाळावे लागते. घरात गॅस आला की त्या स्वयंपाकाचा खरा ऊर्जावापर २१७ वरून ४७ वर उतरतो. केवळ व्यापारी ऊर्जा मोजणाऱ्या प्रारूपात मात्र तोच बदल शून्यावरून ४७ वर गेलेला दिसतो, आणि एलपीजीचा सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइडही नवीन वाढ म्हणून त्या घराच्या खात्यावर चढतो. लाकडाचा कार्बन ऊर्जाक्षेत्राच्या बेरजेत धरायचाच नाही, असा आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा संकेत आहे. तो वेगळा दाखवला जातो, आणि जंगलाची झीज भूवापराच्या प्रकरणात मोजली जाते. संकेत तर्कशुद्ध आहे, पण भूवापराच्या नोंदी जिथे कच्च्या आहेत तिथे तो कार्बन दोन्हीकडून निसटतो. धुरात बसून स्वयंपाक करणाऱ्या बाईची सुटका आलेखात ‘मागणीतील वाढ’ म्हणून उमटावी, हे मला कधीच पटले नाही, आणि ते सुधारता येण्यासारखे आहे म्हणूनच अधिक खटकते.

मागच्या आकड्यांवरून पुढची मागणी काढण्याची रूढ पद्धत म्हणजे लवचीकता: उत्पन्न एक टक्का वाढले तर ऊर्जा किती टक्के वाढते, हे प्रमाण भूतकाळातून काढून भविष्याला लावायचे. चीनमध्ये १९८० ते २००० या काळात अर्थव्यवस्था ऊर्जावापरापेक्षा कितीतरी वेगाने वाढली आणि हे प्रमाण एकच्या बरेच खाली राहिले. २००२ नंतर मात्र पोलाद, सिमेंट अशा जड उद्योगांच्या जोरावर काही वर्षे ऊर्जावापरच अर्थव्यवस्थेच्या पुढे धावला. जुन्या प्रमाणावर विसंबून केलेले अंदाज त्या वळणावर तोकडे पडले. शिवाय जिथे भारनियमन नेहमीचे आहे, तिथे नोंदवलेला वीजवापर हा मागणीचा आकडाच नसतो, तो पुरवठ्याचा आकडा असतो. लोकांना किती वीज हवी होती हे त्यात दिसत नाही, त्यांच्या वाट्याला किती आली एवढेच दिसते. ही दडलेली मागणी वगळून काढलेली लवचीकता कितीही दशांश स्थळांपर्यंत दिली, तरी ती मुळातच दुसऱ्या कशाची तरी असते.

यावर उपाय म्हणून तळापासून बांधलेली प्रारूपे आली. घरे किती, दिवे किती, पंप किती, प्रत्येकाला ऊर्जा किती, अशी त्यांची मांडणी असते. आज अनेक देशांत वापरले जाणारे ‘लीप’ (LEAP) हे ऊर्जानियोजनाचे संगणकीय साधन १९८० च्या सुमारास केनियातल्या सरपणाच्या अभ्यासासाठीच तयार झाले होते, याची आठवण येथे करून द्यावीशी वाटते. ‘मार्कल’ (MARKAL) या दुसऱ्या एका ऊर्जाप्रारूपाच्या घराण्यातली प्रारूपे सगळी मागणी भागवून एकूण खर्च किमान कसा राहील हे शोधतात. त्यांच्या नेहमीच्या मांडणीत पुढच्या सगळ्या किमती आजच ठाऊक आहेत आणि भांडवल लागेल तेवढे मिळते, असे धरलेले असते. ज्या देशात कर्जाचा व्याजदरच कोणता प्रकल्प उभा राहील हे ठरवतो, तिथे हे गृहीतक तळटीपेत ठेवण्याजोगे नाही.

कोळशाबाबत एकच उदाहरण देतो. २०१५ साली चीनच्या सुधारित आकडेवारीतून आधीच्या काही वर्षांचा कोळशाचा वापर पूर्वी सांगितल्यापेक्षा बराच अधिक असल्याचे दिसले. त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चिनी कोळशाचे प्रत्यक्ष उत्सर्जन गुणांक (ठरावीक कोळसा जाळल्यावर किती कार्बन बाहेर पडतो ते प्रमाण) आयपीसीसीच्या सर्वसाधारण गुणांकांपेक्षा सरासरी ४० टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे एक दुरुस्ती वर नेणारी, दुसरी खाली आणणारी, आणि दोन्ही एकाच खाणीतल्या मालाबद्दल. टन हे वजनाचे माप आहे. त्या टनात राख किती, ओलावा किती आणि कार्बन किती हे प्रयोगशाळेत नमुने तपासल्यावाचून कळत नाही, आणि नमुने तपासण्याचा खर्च एका मोठ्या वीजप्रकल्पाच्या तुलनेत नगण्य असतो.

डिझेलच्या रकान्याची गोष्ट माझ्या स्वतःच्या कामातली आहे. एका वर्षीच्या ताळेबंदात वाहतुकीकडे टाकलेले डिझेल ट्रक आणि बसगाड्यांच्या संख्येशी काही केल्या जुळेना. शोध घेता लक्षात आले की पंपावर विकलेले सगळे डिझेल ‘वाहतूक’ म्हणून लिहिण्याची प्रथा पडली होती. ते डिझेल ट्रॅक्टरमध्ये गेले, सिंचनपंपात गेले की वीज गेल्यावर चालणाऱ्या जनित्रात, हे विक्रीच्या नोंदीत कुठेच नव्हते. देशाच्या एकूण उत्सर्जनात यामुळे एका किलोचाही फरक पडत नव्हता, म्हणून वरिष्ठांनी ‘बेरीज जुळते ना’ असे म्हणून तो कागद परत केला. पण त्याच रकान्यावरून पुढे वाहनांच्या इंधनक्षमतेचे लाभ मोजले गेले, आणि जनित्रे बंद करू शकेल अशा भरवशाच्या विजेचा लाभ कोणी मोजलाच नाही. तो कागद तसाच परत घेतल्याची रुखरुख मला आजही आहे.

म्हणून आपल्याला विनंती अशी, की असे अंदाज छापताना आलेखाखाली चार गोष्टी अवश्य द्याव्यात: जीडीपीची कोणती मालिका (कोणत्या आधारवर्षाची) व वाढीचा कोणता दर धरला आहे, सरपण हिशेबात आहे की नाही, विजेच्या मागणीत न भागलेली मागणी मिळवली आहे की नाही, आणि कोळशाचे गुणांक देशात मोजलेले आहेत की सर्वसाधारण कोष्टकातून घेतलेले. अहवाल तयार करणाऱ्यांकडे ही माहिती असतेच, कारण तिच्याशिवाय प्रारूप चालूच होत नाही. वार्ताहराने विचारली तर ती त्यांना द्यावी लागेल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक