सेवा देणाऱ्या संस्थांच्या महासंघाला मान्यता द्या : दिव्यांग कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय दिव्यांग कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस

सादर नमस्कार.

सांगली जिल्ह्यात विशेष शाळा, दिव्यांगांना काम देणाऱ्या कार्यशाळा आणि थेरपी केंद्रे चालवणाऱ्या आम्हा मंडळींची एक मागणी आहे. अशा संस्थांच्या जिल्हा महासंघाला सरकारने मान्यता द्यावी आणि जिल्हास्तरीय समितीत त्याला जागा द्यावी. आज मिरज, जत आणि शिराळ्यातल्या संस्था तोच प्रश्न घेऊन वेगवेगळ्या दिवशी त्याच टेबलासमोर उभ्या राहतात.

व्हीलचेअरचेच घ्या. साधने वाटपाच्या शिबिरात मोठ्या माणसाच्या मापाची, 18 इंची सीटची खुर्ची सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) असलेल्या लहान मुलाच्या वाट्याला येते. सीट नितंबांच्या रुंदीपेक्षा साधारण एक इंचच जास्त हवी. त्याहून फार रुंद झाली की मूल एका कुशीवर कलते, कमरेचे हाड तिरके बसते आणि पुढे पाठीचा कणा वाकू लागतो. पाय पायदानावर टेकले नाहीत तर मूल पुढे घसरते, मान मागे जाते आणि जेवताना ठसका लागतो. हे टाळायला मापे लागतात चार: नितंबांची रुंदी, पाठीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतची लांबी, तिथून टाचेपर्यंतची उंची आणि सीटपासून खांद्यापर्यंतची उंची. मूल वाढते, म्हणून ती दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यायची. जत-आटपाडीच्या कच्च्या रस्त्यांवर पुढची छोटी चाके मातीत रुततात, बेअरिंगमध्ये धूळ बसते, आणि पन्नास-शंभर रुपयांच्या भागासाठी सगळी खुर्ची कोपऱ्यात पडते. श्रवणयंत्राचेही तसेच. कान वाढला की यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो, यंत्र शिट्टी वाजवते आणि मूल ते काढून ठेवते. नवा साचा कोण करून देणार, हे शिबिराच्या कागदावर कुठेच नसते.

पाच-सहा खुर्च्या असलेली एकटी संस्था कारागीर ठेवू शकत नाही. दहा संस्था मिळून मिरजेत एक दुरुस्ती कार्यशाळा चालवू शकतात आणि ठरलेल्या वारी तालुक्यातालुक्याला गाडी पाठवू शकतात. पण असे एकत्र काम कोणत्या नावाने करायचे, अनुदान कोणत्या खात्यात घ्यायचे, याला आज जागाच नाही.

युरोपात ही जागा आहे. ईएएसपीडी हा दिव्यांगांना सेवा देणाऱ्या संस्थांचा अनेक देशांतला महासंघ 1996 साली उभा राहिला. त्याचे कार्यालय ब्रुसेल्सला, म्हणजे जिथे युरोपीय संघाचे निर्णय होतात तिथेच आहे. दिव्यांग व्यक्तींच्या स्वतःच्या संघटनांचा युरोपियन डिसॅबिलिटी फोरम मात्र त्याहून वेगळा आहे. हे वेगळेपण आम्हाला फार मोलाचे वाटते. गाडी किती वाजता येणार, शुल्क किती, वसतिगृहात राहायचे की गावात घरी, यांत सेवा देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे हित दर वेळी एकच असते असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात (भारताची मंजुरी 2007) दिव्यांगांशी त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांमार्फत सल्लामसलत करण्याचे बंधन आहे. आमचा महासंघ त्या सल्लामसलतीची जागा घेऊ शकत नाही, आणि तुम्ही तशी ती घेऊही देऊ नये.

कायद्यात नमुना तयारच आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातील स्थानिक समितीत तीन जण असतात: जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 72 खालच्या जिल्हा समितीतही हीच रचना ठेवता येईल. फरक इतकाच असावा की संस्थेचा प्रतिनिधी महासंघाने निवडून पाठवावा आणि दिव्यांग सदस्यांची संख्या संस्थांच्या प्रतिनिधींपेक्षा जास्त असावी.

महासंघाला पहिले काम नोंदणीचे द्या. याच 2016 च्या कायद्याच्या कलम 51 नुसार संस्थेला नोंदणी प्रमाणपत्र 90 दिवसांत मिळायला हवे. फाईल अडते ती ठरावीक कागदांवर: अग्निसुरक्षा दाखला, लेखापरीक्षण, आणि विशेष शिक्षक व स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वसन परिषदेकडची नोंदणी, जिचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. अर्ज जाण्याआधी महासंघाने फाईल तपासून दिली तर त्रुटीपत्रांच्या फेऱ्या वाचतील. कार्यशाळांच्या मालाचेही असेच आहे. हजारो फायली किंवा कागदी पिशव्यांची सरकारी मागणी एका कार्यशाळेला झेपत नाही, पाच मिळून सहज पुरी करतील.

शेवटचे काम यंदाच्या पावसाळ्याआधीचे आहे. कृष्णेच्या 2019 आणि 2021 च्या पुरानंतर आम्हाला ते टाळता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम 8 प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवायची आहे. नुसती नावे असून चालत नाही. माणूस कोणत्या मजल्यावर राहतो, उचलायला किती जण लागतील, फिटची कोणती गोळी चालू आहे, ऐकू येत नसेल तर घरात कोणाला निरोप द्यायचा, हे यादीत हवे. यातले बरेच रोज सेवा देणाऱ्या संस्थांना ठाऊक असते. दिव्यांग व्यक्तीची किंवा पालकांची संमती घेऊन महासंघाने ही माहिती दर मे महिन्यात प्राधिकरणाला द्यावी आणि प्राधिकरणाने तिची पोच द्यावी, असा आदेश आपण काढावा.

आपले,
सांगली जिल्ह्यातील दिव्यांग सेवा संस्थांचे कार्यकर्ते