एक लाख आयओपीएस, पण कोणते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहकारी बँका, पतसंस्था, नगरपालिका, महाविद्यालये अशा अनेक ठिकाणी जुने सर्व्हर मोडीत काढून कारभार व्हर्च्युअल मशिनवर (एकाच खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभे केलेले अनेक संगणक) नेला जात आहे. खरेदीच्या निविदेत स्टोरेजसाठी बऱ्याचदा एकच ओळ असते: ‘किमान १ लाख आयओपीएस’. म्हणजे सेकंदाला एक लाख वेळा वाचन किंवा लेखन. पण दर वेळी किती? ५१२ बाइटचा ब्लॉक (एका वेळचा तुकडा) धरला तर सेकंदाला जेमतेम ५१ एमबी होतात, ४ केबीचा धरला तर ४१०, आणि पोस्टग्रेस किंवा एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचे ८ केबीचे पान धरले तर ८१९. विक्रेता यातला त्याला परवडणारा ब्लॉक निवडतो आणि निविदेची अट पूर्ण झाल्याचे लिहून देतो. त्यात खोटे काहीच नसते.

लेखनाचा भाग वगळून फक्त वाचनावर आकडा काढणे, ही दुसरी पळवाट. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत. तिच्या रेड ५ या प्रकारात एक डिस्क गेली तरी ‘पॅरिटी’ या हिशेबी नोंदीवरून डेटा परत मिळतो, पण एका लहान लेखनामागे डिस्कची चार कामे होतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. रेड ६ ला सहा, रेड १० ला दोन.

सर्वांत मोठी गफलत मात्र रांगेची असते. चाचणीत डिस्कपुढे सतत २५६ विनंत्या उभ्या ठेवून लाखाचा आकडा काढला असेल, तर साध्या भागाकाराने प्रत्येक विनंतीला सरासरी २.५६ मिलिसेकंद लागले. काउंटरवरच्या कारकुनाने नोंद ‘सेव्ह’ केली की डेटाबेस आपल्या लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) ती लिहितो, फ्लशची, म्हणजे लिहिलेले पक्के करण्याची, आज्ञा देतो आणि ‘डिस्कवर पोहोचले’ असे उत्तर येईपर्यंत थांबतो. ही रांग एकाची आहे. इथे उत्तराला अर्धा मिलिसेकंद लागला तर सेकंदाला २००० नोंदी, ५ मिलिसेकंद लागले तर २००. लाखाच्या आकड्याचा याच्याशी संबंध नाही. वीज गेल्यावर हातातले काम पुरे करण्यापुरते कपॅसिटर ज्या एसएसडीत असतात, ती फ्लशला लगेच होकार देते. घरगुती वापराच्या एसएसडीत ते सहसा नसतात. तिला दर फ्लशला खरोखर फ्लॅशवर लिहावे लागते, आणि खोक्यावर लाखांचे आकडे छापलेली डिस्क इथे काही शेकड्यांवर येते.

व्हर्च्युअल मशिनची गोम अशी की कॅशे (डेटा तात्पुरता ठेवण्याची वेगवान जागा) एक नसते, थरावर थर असतात: गेस्टची म्हणजे व्हर्च्युअल मशिनची रॅम, होस्टची म्हणजे ते चालवणाऱ्या खऱ्या सर्व्हरची रॅम, रेड कंट्रोलर, आणि एसएसडीच्या पोटातली. गेस्टमध्ये चाचणी चालवताना ‘डायरेक्ट’ पर्याय दिला की फक्त पहिला थर ओलांडला जातो. केव्हीएमवर (लिनक्सचा हायपरव्हायजर, म्हणजे व्हर्च्युअल मशिन चालवणारे सॉफ्टवेअर) त्या डिस्कचा कॅशे मोड ‘राइटबॅक’ असेल तर होस्टची रॅम मध्ये उभीच असते आणि आपण रॅमचा वेग मोजून घरी येतो. ‘अनसेफ’ मोडमध्ये तर गेस्टची फ्लशची विनंतीच गिळली जाते. आकडे डोळे दिपवतात, वीज गेली की डेटाबेसही जाऊ शकतो. मोड ‘नन’ असला तर होस्टचा हा थर बाजूला होतो. अहवालात आकड्याच्या आधी हा मोड लिहिलेला हवा.

सादरीकरणात हमखास दिसणारा क्रिस्टलडिस्कमार्क या वेग मोजणाऱ्या साधनाचा स्क्रीनशॉट याच कारणाने फसवा ठरतो. साधन वाईट नाही, त्याच्या आत मायक्रोसॉफ्टचे डिस्कस्पीड हे चाचणीचे साधनच आहे. पण मूळ सेटिंगमध्ये ते १ जीबीच्या फाइलवर पाच फेऱ्या मारते. २५६ जीबी रॅमच्या होस्टवर १ जीबी सहज मावते. लिनक्सवाले डीडी या कॉपी करण्याच्या आज्ञेने नुसती शून्ये लिहून वेग दाखवतात, त्यांनाही फार मार्क देता येणार नाहीत: झेडएफएस या फाइल सिस्टिमवर कॉम्प्रेशन चालू असेल तर त्या शून्यांचे डिस्कवर जवळपास काहीच उरत नाही.

आता रीत. चाचणीसाठी वेगळी डेटा डिस्क जोडावी आणि ती आधी रँडम डेटाने काठोकाठ भरावी. कारण थिन डिस्कचा (लिहिले जाईल तशीच होस्टवर जागा घेणाऱ्या डिस्कचा) कधीच न लिहिलेला भाग वाचायला सांगितला तर हायपरव्हायजर खाली डिस्ककडे जातच नाही, शून्ये परत करतो. उलट त्याच भागावर पहिल्यांदा लिहिताना जागा नेमावी लागते आणि आकडा विनाकारण पडतो. भरण्याचा दुसरा फायदा एसएसडीकडून मिळतो. स्वस्त ड्राइव्हमध्ये सुरुवातीचे काही जीबी वेगवान एसएलसी भागात जातात, तो भरला की खरा वेग उघडा पडतो. एसएनआयए या संस्थेच्या एसएसडी चाचणीच्या नियमात तर मोजणीआधी क्षमतेच्या दुप्पट लेखन करायला सांगितले आहे.

साधन एफआयओ, हे डिस्कची चाचणी घेणारे सॉफ्टवेअर. रँडम वाचन-लेखन ७०:३०, ब्लॉक ८ केबी, डायरेक्ट १, इंजिन (विनंत्या पाठवण्याची पद्धत) लिबएआयओ, आयओडेप्थ (एका वेळी रांगेत उभ्या विनंत्या) आधी १, मग ४, १६, ३२. पहिली दोन मिनिटे रॅम्प टाइममध्ये सोडून द्यावीत आणि पुढे निदान एक तास मोजावे. ‘टाइम बेस्ड’ द्यायला विसरलात तर फाइल संपली की चाचणीही संपते, तुम्ही तास लिहिलेला असला तरी. लिनक्सवर इंजिन न सांगता आयओडेप्थ ३२ दिले तर तो आकडा नुसता शोभेचा राहतो: मूळ इंजिन एका वेळी एकच विनंती पाठवते. लिबएआयओ दिले पण डायरेक्ट दिले नाही, तरी तीच गत. आणि फाइलऐवजी थेट डिव्हाइसचे नाव देत असाल तर एंटर दाबण्याआधी एसडीए आणि एसडीबी (लिनक्समधली डिस्कची नावे) पुन्हा तपासा. एफआयओची लेखन चाचणी त्या डिस्कवर आधी काय होते ते विचारत नाही.

लॉगसाठी वेगळी फेरी: क्रमाने लेखन, ८ केबी, रांग १, जॉब १, प्रत्येक लेखनानंतर एफडेटासिंक, म्हणजे फ्लश. यात सरासरी बघू नये, ९९ वा पर्सेंटाइल (शंभरातल्या ९९ विनंत्या ज्याच्या आत पूर्ण होतात तो वेळ) बघावा. कुबरनेटीज या कंटेनर-प्रणालीचा डेटाबेस एटसीडी हा फ्लश ९९ टक्के वेळा १० मिलिसेकंदांच्या आत मागतो, बँकेच्या डेटाबेसलाही तो निकष चुकीचा नाही. याहून उपयोगी फेरी म्हणजे डिस्कला पळेल तितकी पळवण्याऐवजी आपल्याला लागणारा दर, समजा ५००० आयओपीएस, बांधून द्यायचा आणि त्या दराला उत्तर किती वेळात येते ते पाहायचे. ही फेरी विक्रेते आपणहून क्वचितच दाखवतात.

आकडा कमी आला तर डिस्कला दोष देण्याआधी गेस्टची डिस्क कोणत्या कंट्रोलरवर आहे ते बघा. विंडोजच्या इन्स्टॉलरला व्हर्टआयओ या व्हर्च्युअल मशिनसाठीच्या वेगवान कंट्रोलरचा ड्रायव्हर नसल्याने डिस्क दिसत नाही, म्हणून कोणीतरी जुन्या पद्धतीचा आयडीई कंट्रोलर निवडतो आणि ते तसेच वर्षानुवर्षे राहते. आयडीई एका वेळी एकच विनंती घेते. मागे कितीही महागडी एनव्हीएमई (अतिवेगवान एसएसडी) असू दे. क्यूकाउ२ इमेजवर (केव्हीएमच्या व्हर्च्युअल डिस्कची फाइल) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची स्थिती जपणारी प्रत, घेतलेला असेल तर त्यानंतरच्या पहिल्या ४ केबी लेखनासाठी ६४ केबीचा सगळा क्लस्टर नव्याने लिहावा लागतो. आणि एका मशिनवरून घेतलेला आकडा एका मशिनपुरताच. होस्टवर दहा मशिन चालणार असतील तर दहांवर एकाच वेळी चाचणी सुरू करावी, तीही रात्रीचा बॅकअप चालू असताना एकदा.

क्लाउडवर पाच मिनिटांची चाचणी तर निरुपयोगीच. ॲमेझॉनच्या क्लाउड डिस्कच्या जुन्या जीपी२ प्रकारात १०० जीबीच्या डिस्कचा हक्काचा वेग ३०० आयओपीएस, पण गाठीशी ५४ लाख क्रेडिट (जादा वाचन-लेखनाची शिल्लक) असतात आणि त्यावर ती ३००० ने धावते. हक्काचे ३०० वजा जाता दर सेकंदाला २७०० खर्च होतात, म्हणजे २००० सेकंद, ३३ मिनिटांच्या थोडे पुढे. त्यानंतर वेग एक दशांश. जीपी३ मध्ये ३००० हा पायाच आहे, ही अडचण नाही. स्नॅपशॉटवरून बनवलेल्या डिस्कचे ब्लॉक मात्र, वेगळे पैसे मोजून सोय घेतली नसेल तर, पहिल्या वाचनाला लांबून आणावे लागतात; आधी एकदा पूर्ण वाचून घ्या, मग मोजा.

निविदेतली ती ओळ अशी लिहिता येईल: ‘८ केबी ब्लॉक, ७०:३० रँडम, डिस्क पूर्ण भरलेली, कॅशे मोड नन, दहा व्हर्च्युअल मशिनवरून एकाच वेळी मिळून २०,००० आयओपीएस सलग १ तास; ९९ वा पर्सेंटाइल ५ मिलिसेकंदांच्या आत; एफआयओचे मूळ आउटपुट जोडावे.’ आकडे आपापल्या गरजेचे घाला. स्क्रीनशॉट स्वीकारू नका.

चाचणी झाल्यावर फाइल डिलीट करून भागत नाही. थिन डिस्कवर होस्टची जागा अडकलेलीच राहते. डिस्कला ‘डिस्कार्ड’ चालू करून गेस्टमध्ये एफएसट्रिम (मोकळी झालेली जागा खाली कळवणारी आज्ञा) चालवले की ती परत मिळते.

आपला,
एक वाचक, पुणे